उमेदवाराचं मानपत्र

बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळात अध्यक्षपदाची निवडणूक कधीच होत नाही आणि याचा सगळ्यांना फार अभिमान आहे. वार्षिक सभेत एकच नाव येतं, टाळ्या होतात, इतिवृत्तात 'एकमताने' असा शब्द पडतो. खरी मारामारी त्याआधी उरकलेली असते. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी विभागवार बैठका होतात. आधी रिफा, मग जनाबिया, शेवटी मनामापासून हिद्दपर्यंतचा आमचा पसरट विभाग. इच्छुकांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं, मग हात वर करायचे. तीनपैकी दोन विभाग ज्याला मिळतील त्याचंच नाव सभेत जातं. याला आमच्याकडे प्राथमिक फेरी म्हणतात. नव्या माणसाला हे सगळं कळायला दोन-तीन वर्षं लागतात. मला नऊ लागली, कारण पहिली नऊ वर्षं मला कोणी बोलावलंच नव्हतं.

मी वसईची. चर्चच्या मराठी शाळेत शिकले, आणि आमच्या बाईंनी निबंधावरून इतकं झोडपलं की मराठी कायमची अंगात मुरली. बहारीनमध्ये एका हॉस्पिटलात मी रेकॉर्ड्स सांभाळते. नवरा हॉटेलात बँक्वेटला आहे. एकदा मंडळाच्या कार्यक्रमात निवेदिका आजारी पडली आणि कोणीतरी मला पुढे ढकललं. तेव्हापासून सूत्रसंचालन, स्वागताची भाषणं, श्रद्धांजल्या, मानपत्रं, सगळं माझ्या गळ्यात पडलं. दर वेळी कोणीतरी येऊन सांगायचं, "अय्या, तुम्ही चर्चला जाता ना? तरी मराठी किती छान हो तुमचं!" मी हसायचे. आधी मनापासून हसायचे, नंतर सवयीने.

भाईंची आणि माझी ओळख त्या 'तरी'वरूनच झाली. भाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. हिद्दच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये एसीचे फोरमन. साठीच्या आसपासचे, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. त्यांचं मुसलमानी नाव ऐकलं की मंडळातली माणसं आपोआप हिंदीत शिरायची. "आइए भाईसाब, बैठिए." भाई मराठीत उत्तर द्यायचे. समोरचा पुन्हा हिंदीत. हे दोन-दोन मिनिटं चालायचं. एकदा मी शेजारी उभी होते, मला हसू आवरेना. भाई म्हणाले, "हस बाय हस. पंचवीस वर्षां झाली, अजून कोणाच्या कानात शिरला नाय." त्या दिवसापासून ते माझे भाई झाले आणि मी त्यांची बाय.

मंडळाचं सभासदत्व फक्त कुटुंबांना मिळतं. इथे बायको-मुलांसह राहत असाल तर सभासद. एकटे राहत असाल, म्हणजे गावी कुटुंब ठेवून खोलीत सहा-आठ जण दाटीने राहणारे फिटर, वेल्डर, ड्रायव्हर असाल, तर तुम्ही 'स्वयंसेवक'. गणपतीचा मंडप घालायला, दिवाळीचा स्टेज उभारायला, खुर्च्या मांडायला स्वयंसेवक. जेवण त्यांनाही मिळायचं, सगळ्यांची पंगत उठल्यावर. हे कोणी दुष्टपणे करत नव्हतं. हॉल लहान, सभासदांची मुलं रडायला लागलेली, आधी त्यांना वाढू या, इतकंच. पण वर्षानुवर्षं इतकंच. भाईंनी वीस-बावीस वर्षं ही माणसं हिद्दहून कंपनीच्या पिकअपमधून आणली होती. ते स्वतः सभासद होते, कारण बायको-मुलगी इथे असताना सभासद झाले. त्या दोघी गावी परतल्यावर भाईंचं नाव यादीतून काढायचं कोणाला सुचलं नाही.

एकट्यांना सभासद करून घ्या, असं पत्र भाईंनी दोनदा दिलं. दोन्ही वेळा 'विचाराधीन' ठरलं. घटनेत बदल सुचवायचा हक्क फक्त अध्यक्षाला आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. मग भाईंनी सरळ हिशेब केला. त्या नोव्हेंबरात ते आमच्या घरी आले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "बाय, मी उभा ऱ्हातंय."

"कुठे?"

"अध्यक्षाला. मना खुर्ची नको. एक ठराव मांडायचा, पास करून घ्यायचा. मग खलास, दुसऱ्या दिवशी राजीनामा देतो. त्या माणसांनी एकदा तरी आपल्या नावाच्या खुर्चीवर बसून जेवावा, एवढाच."

नवरा आतून म्हणाला, "भाई, तुम्हाला कोण निवडून देणार?"

"म्हनून तर बायकडं आलो," भाई म्हणाले.

मी त्या रात्री नवऱ्याशी भांडले, पण खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. समोरचे उमेदवार जनाबियात कंपाउंडमध्ये राहणारे सल्लागार इंजिनियर. सभ्य, गोरेगोमटे, बोलायला गोड. मावळत्या अध्यक्षांच्या पॅनलचे. आजवरचे सगळे अध्यक्ष त्याच पॅनलचे. भाईंना इंग्रजी जेमतेम येत होतं, एम्बसीच्या लोकांसमोर ते काय बोलणार, हा प्रश्न लोक विचारणार हे मला ठाऊक होतं. आणि जो प्रश्न लोक विचारणार नव्हते, तोही ठाऊक होता. तरी मी त्यांचं पाच मिनिटांचं भाषण लिहायला घेतलं. मला वाटलं होतं, हरतील, पण मान राखून हरतील. उमेदवाराच्या मदतनिसाने असा विचार केला की तिथेच अर्धी निवडणूक गेलेली असते, हे मला आता कळतं.

रिफ्यात भाईंनी माझा कागद खिशातून काढलाच नाही. एका सभासदाच्या व्हिलाच्या दिवाणखान्यात पन्नासेक माणसं दाटीने बसली होती. इंजिनियर साहेबांनी मंडळाच्या ॲपबद्दल, तरुण पिढीबद्दल छान सांगितलं. मग भाई उभे राहिले आणि छताकडे बघत म्हणाले, "ह्या एसीचा आवाज बरोबर नाय. पंख्याची मोटार जाईल आठवड्यात." सगळे हसले. यजमानीण बाई म्हणाल्या, "भाई, मीटिंग झाल्यावर बघा हं." "मीटिंग झाल्यावर कशाला, उद्या येतो," भाई म्हणाले. आणि मग एकेक बाई बोलायला लागल्या. गेल्या ऑगस्टमध्ये बाळ दहा दिवसांचं होतं, घरात चाळीसच्या वर पारा, कंपनीचा माणूस तीन दिवस येतो येतो म्हणत होता, भाई ड्युटी संपवून आले. दुसरीकडे सासूबाई आजारी होत्या. तिसरीकडे नवरा सौदीत अडकला होता. रिफ्यातल्या अर्ध्या घरांच्या फोनमध्ये भाईंचा नंबर 'एसी भाई' म्हणून होता. हात वर करायला सांगितलं तेव्हा बायकांचे हात आधी वर गेले, आणि नवऱ्यांनी त्यांच्याकडे बघून आपले वर केले.

भाई जिंकले. मोजणी दोनदा झाली.

गाडीत परत येताना मी मोठ्याने बोलत होते. जनाबिया हातचा जाणार हे नक्की, तो त्यांचाच विभाग. पण आमच्या विभागात हॉस्पिटलच्या नर्सेस, हॉटेलवाले, मनाम्यातले क्लार्क, मुहर्रकची कोकणी कुटुंबं. तो आपलाच. म्हणजे दोन विभाग आपले, म्हणजे अध्यक्ष भाई. "यल्ला, चला, आता ठराव लिहायला घ्या," मी म्हणाले. भाई खिडकीतून बाहेर बघत होते. रिफ्यातला आपला विजय त्यांना खरा वाटत नव्हता. मलाही दोन दिवस वाटला नाही. मग मात्र मला चढली. हॉस्पिटलात फायली लावताना मी मनात खातेवाटप करत होते. मुलगी म्हणाली, "Mumma, you're smiling at the fridge."

जनाबिया ठरल्याप्रमाणे हरलो. राहिला आमचा विभाग. मध्ये एक आठवडा सुट्टीचा आला आणि त्या शुक्रवारी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं.

मंगळवारी मावळत्या अध्यक्षांचा मला ड्युटीवर फोन आला. "ताई, यंदा कमिटीने ठरवलंय, भाईंचा सत्कार करायचा. इतकी वर्षं स्टेज उभा करतात, कधी त्यांच्यासाठी काही केलं नाही. मानपत्र तुम्हीच लिहायचं. तुमच्यासारखं कोणाला जमणार?"

मला काय आनंद झाला! मला वाटलं, पॅनल घाबरलं. निकाल दिसायला लागला म्हणून आधीच पाया पडायला आले. शिवाय बैठकीच्या एक आठवडा आधी, सगळ्या सभासदांसमोर, आपल्या उमेदवाराची स्तुती आपणच वाचायची! असा प्रचार मागून मिळाला नसता.

नवऱ्याला सांगितलं तर तो सॉक्स काढता काढता थांबला. "उभा असलेल्या माणसाला शाल कशाला घालतात?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडे बँक्वेटला शाल, नारळ, फ्रेम, अशी ऑर्डर आली की ती फेअरवेलची असते. दुसऱ्या कशाची मी बघितली नाही."

मी म्हटलं, तुझं हॉटेल आणि आमचं मंडळ यात फरक आहे. त्याने दुसरा सॉक्स काढला आणि झोपायला गेला.

आता हे लिहिताना माझी मलाच चीड येते. आमच्या मंडळाने मानपत्रं दिली ती कोणाला? तीस वर्षं प्रॅक्टिस करून नाशिकला परतलेल्या डॉक्टरांना. कॅनडाला गेलेल्या जोडप्याला. शाळेतून निवृत्त होऊन कायमच्या गेलेल्या बाईंना. एकूण एक मानपत्र जाणाऱ्याला दिलेलं. आणि ती सगळी मी लिहिली होती! रिवाज घटनेत लिहिलेला नव्हता, पण हॉलमधल्या प्रत्येकाला तो माहीत होता: मंडळाने तुमचं मानपत्र वाचलं की तुम्ही निघालात. तो माझ्याच हातून तयार झाला होता, आणि मलाच दिसला नाही. मी शब्द बघत होते.

त्या आठवड्यात दोन सहकारी रजेवर होत्या, मला डबल ड्युटी होती. गुरुवारी दुपारी लॅपटॉप उघडला आणि डॉक्टरांचं जुनं मानपत्र काढलं. वरचा भाग बदलला. त्यात भाईंचं गाव, वर्कशॉप, ऑगस्टमधले एसी, बाळ, सासूबाई, सगळं घातलं. तो भाग खरोखर चांगला उतरला होता, अजूनही मला तसं वाटतं. शेवटचा परिच्छेद मात्र तसाच ठेवला. तो मला आवडायचा. 'आपण लावलेली माणुसकीची रोपटी या वाळूतही तग धरतील. आपली उणीव आम्हाला पदोपदी भासेल. आपल्या पुढील वाटचालीस या मंडळाच्या अनंत शुभेच्छा.' वाचताना दर वेळी हॉलमध्ये कोणीतरी डोळे पुसायचं. मला तो परिणाम हवा होता. उणीव कोणाची, पुढील वाटचाल कुठली, हे मला एकदाही खटकलं नाही. प्रिंट काढला, फ्रेमवाल्याकडे दिला.

शुक्रवारी हॉल भरला होता. स्टेज नेहमीप्रमाणे भाईंच्या माणसांनी उभा केला होता. भाई पिठाच्या रंगाचा नवा सफारी घालून पहिल्या रांगेत बसले होते, अवघडलेले. त्यांना वर बोलावलं, शाल घातली, नारळ हातात दिला. मी माईकवर मानपत्र वाचायला लागले. मला चांगलं वाचता येतं. ऑगस्टच्या परिच्छेदाला रिफ्याच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आवाज खाली आणला, शेवटचा परिच्छेद संथपणे वाचला. 'उणीव' शब्दाला थांबले. संपल्यावर सगळा हॉल उभा राहिला. मला वाटलं, जिंकलो.

भाई फ्रेम धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. मी समजले, आभार.

जेवणाच्या टेबलाशी मला पहिल्यांदा काहीतरी विचित्र वाटलं. लोक रांगेने येऊन भाईंचा हात धरत होते. "कधी निघताय?" "रत्नागिरीला घर बांधलंय ना?" "आता आराम करा भाई, खूप केलंत." भाई म्हणत होते, "नाय हो, मी कुठं जातंय." ऐकणारे हसून त्यांच्या खांद्यावर थोपटत होते. ज्यांच्या घरचे एसी त्यांनी लावले त्यांतल्या एका बाईंनी तर तिथल्याच जेवणाचा त्यांच्यासाठी डबा भरला होता, प्रवासाला.

इथे जाणारा माणूस कधीच सांगत नाही. व्हिसा कॅन्सल होईपर्यंत, तिकीट हातात पडेपर्यंत प्रत्येक जण म्हणतो की मी कुठे जातोय. कोणी कंपनीला कळू नये म्हणून, कोणी नजर लागू नये म्हणून. त्यामुळे भाई जितक्या वेळा 'नाही' म्हणाले तितकी लोकांची खात्री पटत गेली.

पुढचा आठवडा मी फोनवर काढला. आमच्या विभागातल्या एकेका घरी. "अगं, आमचं मत भाईंनाच होतं. पण ते चाललेत ना? मग कशाला फुकट घालवायचं?" मी सांगायचे, चालले नाहीत. "मग मानपत्र का दिलं?" या प्रश्नाला माझ्याकडे एकच खरं उत्तर होतं: कमिटीने डाव साधला, आणि मी जुन्या कागदावर नाव बदलून त्यांना मदत केली. ते मी एकालाही दिलं नाही. मी म्हणायचे, "असंच, कौतुक म्हणून." माझ्याच कानाला ते खोटं वाटायचं. आणि डाव तरी साधला का, हेही मला आज सांगता येत नाही. मावळत्या अध्यक्षांनी सत्कार सुचवला, बस्स. 'उणीव' त्यांनी लिहिली नव्हती.

शेवटची बैठक मनाम्यातल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये होती, जुम्म्याची नमाज आणि चर्चमधली आमची मिस्सा दोन्ही आटोपल्यावर, दुपारी. हिद्दहून भाईंच्या माणसांपैकी आठ-दहा जण आले होते. मत नव्हतं, पण ऐकायला आले होते. खुर्च्या रिकाम्या असूनही ते भिंतीला लागून उभे राहिले.

इंजिनियर साहेब बोलले, भाई बोलले. भाईंनी या वेळी ठरावाबद्दल स्पष्ट सांगितलं. भिंतीकडे हात करून म्हणाले, "ही माणसा तुमचा मंडप घालतात. त्यांची नावां तुमच्या वहीत नाय." काही जणांनी खाली बघितलं. वातावरण जरा हललं, मला ते जाणवलं. मी मनात हात मोजायला लागले.

तेवढ्यात मावळते अध्यक्ष अगदी मृदू आवाजात म्हणाले, "भाई, राग मानू नका. पद दोन वर्षांचं आहे. तुम्ही पुढची दोन वर्षं इथे आहात, एवढं सांगा सगळ्यांना."

मला माहीत होतं, भाईंचा रेसिडेन्स परवाना एप्रिलमध्ये संपत होता. साठी उलटलेली. कंपनी वाढवेल की नाही कोणी सांगितलेलं नव्हतं. दर दोन वर्षांनी हाच घोर असतो, खोलीतल्या प्रत्येकाला होता, इंजिनियर साहेबांनाही असणार. त्यांना मात्र कोणी विचारलं नाही. भाई पाच वेळा नमाज पढणारे, उद्याचीही ग्वाही न देणारे. ते म्हणाले, "इंशाल्ला."

एका कोपऱ्यातून कोणीतरी हलकेच हसलं. वाईट हसणं नव्हतं. 'बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?' असं.

तेव्हा मला उठायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं: भाई कुठेही जात नाहीत, तो शेवटचा परिच्छेद डॉक्टरांच्या मानपत्रातला आहे, मी आळसाने तसाच ठेवला. तीन वाक्यं. मी खुर्चीच्या कडेवर आलेही. पण त्या हॉलमध्ये अर्धी माणसं होती ज्यांनी गेल्या आठवड्यात माझा हात धरून सांगितलं होतं की ताई, काय लिहिलंय, रडवलंत. त्यांत नाशिकच्या डॉक्टरांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. चर्चवाली असूनही मराठी चांगलं लिहिणारी बाई, एवढी एकच माझी ओळख होती तिथे. ती मी स्वतःच्या हाताने पुसायची होती. माझ्याच्याने झालं नाही. मी मागे टेकून बसले.

सहा हातांनी हरलो.

वार्षिक सभा मार्चमध्ये झाली. एकच नाव आलं. माझ्या शेजारी बसलेल्या भाईंनी हात वर केला, मग मीही केला. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. 'एकमताने' लिहिलं. सभेनंतर मी नव्या अध्यक्षांना ठरावाची आठवण केली. ते खरोखर सभ्य माणूस, म्हणाले, "घेऊ ना ताई, यंदा जरा बसू दे सगळं." तो ठराव अजून बसलेलाच आहे.

एप्रिलमध्ये कंपनीने भाईंना कळवलं की वाढवत नाही. बत्तीस वर्षांची नोकरी, एक महिन्याची नोटीस. मी मंडळाच्या कार्यालयात फोन केला, म्हटलं, भाई आता खरंच चाललेत, छोटा का होईना निरोप समारंभ करू या. पलीकडून जरा गोंधळलेला आवाज आला. "पण ताई, त्यांचा झालाय ना?"

मी फोन ठेवला. मला रडू आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

त्या शनिवारी मी एकटीच हिद्दला गेले. वर्कशॉपच्या मागे भाईंची खोली. दोन बॅगा बांधून झाल्या होत्या. खोलीतली बाकीची माणसं ड्युटीवर होती, त्यांच्या चादरी नीट घडी करून ठेवलेल्या. भाईंनी मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बॅगेवर बसले. भिंतीवर मानपत्राची फ्रेम होती. खिळा काढून ती न्यायची की ठेवायची हे ठरलं नव्हतं असं दिसलं.

मी सगळं सांगून टाकलं. जुनं मानपत्र, गुरुवारची दुपार, तसाच ठेवलेला परिच्छेद. मनाम्याच्या बैठकीत मी का उठले नाही, तेही. भाई टेस्टर काढून त्याच्या टोकाने नखातली घाण काढत ऐकत होते.

"मना माहीत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"बाय, डॉक्टरांचा मानपत्र तू वाचलास तवा स्टेजच्या मागं वायर धरून कोण उभा होता? कॅनडावाल्यांचा वाचलास तवा? बाईंचा? तीनही मी ऐकलंय. 'माणुसकीची रोपटी' आली तवाच मना कळला, हा निरोप हाय. मोठ्याने सांगायला पायजे होता, थांब, मी कुठं जात नाय. माणसा खालीच उभी होती माजी. त्यांना वचन दिलेला."

"मग सांगितलं का नाहीत?"

भाईंनी फ्रेमकडे बघितलं. मला वाटलं, ते म्हणतील की तुझी शोभा झाली असती म्हणून. मला ते ऐकायचं होतं. तेवढं तरी मला देतील असं मला वाटलं होतं.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण बत्तीस वर्षांत माज्याबद्दल असा कोण बोलला नव्हता. ऐकायला इतका बरा वाटत होता, बाय. म्हटला, संपू दे, मग सांगतो. आणि संपल्यावर सगळी उभी ऱ्हायली."